एकशे बावन्नातला एक

आमच्या घरात तारखा नाहीत, सालं आहेत. मोठ्या काकांचा जन्म पटकीच्या साली, आत्याचं लग्न मिलोच्या साली, आणि आईबाबांचं लग्न इस्कायलॅबच्या साली. लहानपणी मला वाटायचं, इस्कायलॅब हाही एखादा दुष्काळ किंवा रोग असावा. आजी त्याचं नाव घ्यायची तेही पटकीचं घ्यावं तसंच, हात झटकून.

गाव आजच्या सिंदेवाही तालुक्यातलं. भाताचा मुलूख, बांध्या, मामा तलाव आणि बांध्या संपल्या की जंगल. गोंदियाहून चांदाफोर्टला जाणारी गाडी तेव्हा छोट्या रुळांवरून धावायची आणि नागपूरचा पेपर त्या गाडीच्या मर्जीने यायचा. कधी दुपारी, कधी दुसऱ्या दिवशी. रेडिओ गावात दोन. एक आमच्या आबाजींचा, एक गुरुजींचा. आबाजींचा रेडिओ बातम्यांपुरता लागे. बाकी वेळ त्यावर आजीने विणलेला रुमाल.

१९७९ च्या मे महिन्यात आई या घरात सून म्हणून आली. जूनमध्ये रेडिओ सांगू लागला की अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा खाली येते आहे, आणि कुठे पडेल ते सांगता येत नाही. आजीने दोन्ही गोष्टींची सांगड घालायला वेळ लावला नाही. सून आली आणि आभाळ पडायला निघालं! आई आज पासष्टीच्या पुढे आहे. अजूनही सांगते, "माया पायगुन अमेरिकेपर्यंत पोचला होता बाप्पा."

ज्या वस्तूमुळे आईला असा बोल लागला ती होती ७७ टनांची. स्कायलॅब १४ मे १९७३ ला वर गेलं. तीन-तीन अंतराळवीरांच्या तीन तुकड्या तिथे राहून आल्या, शेवटची ८४ दिवस. फेब्रुवारी १९७४ मध्ये ती परतली आणि घराला कुलूप लागलं. नासाचा हिशेब असा होता की शटल नावाचं नवं वाहन तयार होईल, ते वर जाऊन स्कायलॅबला ढकलून उंच कक्षेत नेईल. तोवर ते टिकायला हवं होतं. टिकलं नाही, कारण सूर्य. दर अकरा वर्षांनी सूर्य तापट होतो, त्याने पृथ्वीचं वातावरण फुगतं. शेकडो किलोमीटर उंचीवर जिथे जवळजवळ काहीच नसतं तिथेही विरळ हवेचा अडसर वाढतो आणि फिरणारी वस्तू हळूहळू उंची गमावते. सत्तरीच्या दशकाअखेरीस सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त तापला. शटलचं पहिलं उड्डाण झालं एप्रिल १९८१ मध्ये. तोवर स्कायलॅब पडून पावणेदोन वर्षं झाली होती.

स्कायलॅबची कक्षा विषुववृत्ताशी ५० अंशांत कललेली होती. म्हणजे उत्तरेला ५० आणि दक्षिणेला ५० अक्षांशापर्यंत पृथ्वीचा जो पट्टा, त्यातल्या कोणत्याही गावावर ते पडू शकत होतं. माणसांची बहुतेक वस्ती याच पट्ट्यात. आमचं गाव विसाव्या अक्षांशापाशी, चांगलं मध्यात.

गुरुजींनी पेपरात वाचलेला आकडा चावडीवर सांगितला, आणि गावाची झोप उडाली ती त्या आकड्याने. नासाने म्हटलं होतं, माणसाला इजा होण्याची शक्यता १५२ मध्ये एक. गावाची वस्ती हजाराच्या आसपास. कोणीतरी भागाकार केला. सहा माणसं, फार तर सात. मग ती सात कोण, यावर चर्चा सुरू झाली. म्हाताऱ्यांनी आपली नावं पुढे केली म्हणे, पण फार आग्रह धरला नाही.

भौतिकशास्त्र शिकवताना मी वर्गात हा किस्सा सांगते आणि मुलं खूप हसतात. १५२ मधली ती एक शक्यता होती साऱ्या जगातल्या कुठल्याही एका माणसाला तुकडा लागण्याची. एका ठरावीक माणसाला, म्हणजे आमच्या आबाजींनाच लागण्याची शक्यता काढायची तर तिला जगाच्या लोकसंख्येने भागायचं. ती येते साठ हजार कोटींत एक. हे गुरुजींनाही दुसऱ्या दिवशी उमगलं आणि त्यांनी चावडीवर समजावून सांगितलं. त्यावर आबाजींनी विचारलं, "ते ठीक हाये गुरुजी. पन तो एक कोन?" गुरुजींकडे उत्तर नव्हतं. वर्ग हसून झाला की मीही तो प्रश्न फळ्यावर लिहिते, आणि माझ्याकडेही उत्तर नसतं. आकडा लहान आहे म्हणून तो 'एक' नाहीसा होत नाही.

जुलै उजाडला. पऱ्हे टाकून झाले होते, आभाळ भरून यायचं पण पाऊस हुलकावण्या देत होता. रोवणीचं कोणी बोलेना. पीक कापायला आपण असणार की नाही इथून सुरुवात. कोंबड्या आधी संपल्या, मग बोकड. आबाजींनी वर्षाच्या सणासाठी राखलेला बोकड गावजेवणात गेला. मोहाची किती गेली याचा हिशेब बायका वेगळा सांगतात, पुरुष वेगळा. एका काकांनी सावकाराला सांगितलं, हप्ता इस्कायलॅबनंतर देतो. सावकारही हो म्हणाला. त्यालाही मुलंबाळं होती.

नुसती अडाणी माणसं घाबरली होती असं समजायचं कारण नाही. देशातल्या राज्यांना सावध राहायला सांगितलं होतं, पोलीस तयारीत होते. त्यात दीड वर्षापूर्वीची बातमी ताजी होती. २४ जानेवारी १९७८ ला सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा बंद पडलेला टेहळणी उपग्रह कॅनडाच्या उत्तरेत बर्फावर पडला होता, आणि त्याच्या पोटात युरेनियमवर चालणारी अणुभट्टी होती. किरणोत्सारी तुकडे शेकडो किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात विखुरले. कॅनडा आणि अमेरिकेची माणसं महिनोन्‌महिने विमानांतून किरणोत्सार मोजत, बर्फ तुडवत ते वेचत राहिली. सापडलं ते फार थोडं. स्कायलॅबमध्ये अणुभट्टी नव्हती. पण गुरुजींच्या कात्रणवहीत दोन्ही बातम्या एकाच पानावर होत्या, आणि गावात त्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू झाल्या.

११ जुलैची रात्र. झोपायचं कुठे, हा घरातला वाद आई हुबेहूब करून दाखवते. कवेलूच्या घरात झोपावं तर छप्पर अंगावर यायचं, अंगणात झोपावं तर सरळ इस्कायलॅबच. शेवटी आबाजींनी सगळ्यांना धानाच्या ढोलीमागे बसवलं. नव्या सुनेला आजीने आपल्याजवळ ओढून घेतलं. आई म्हणते, पायगुणाचा राग तिथेच संपला, कारण आजीचा हात रात्रभर तिच्या पाठीवर होता. रेडिओ बंद, बॅटरी सकाळसाठी राखायची होती.

आपल्याकडे रात्री दहा वाजून सात मिनिटांनी ते पडलं, हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात. नासाच्या माणसांनी अखेरच्या तासांत त्याला कोलांट्या खायला लावून हवेचा अडसर कमी केला होता, जेणेकरून दाट वस्तीच्या भागावरून ते पुढे निघून जावं. ते पुढे गेलं खरं, पण फुटलं हिशेबापेक्षा उशिरा आणि तुकडे समुद्र ओलांडून एस्परन्स आणि बॅलाडोनिया या गावांच्या आसपास पोचले. प्राणवायूच्या मोठ्या टाक्या, इन्सुलेशनचे करपलेले ढेकूळ. कोणालाही लागलं नाही.

ऑस्ट्रेलियाने ही गोष्ट ज्या मजेने घेतली ती मला फार आवडते. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्राने पहिला तुकडा ७२ तासांत आणून देणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं. एस्परन्सच्या सतरा वर्षांच्या एका मुलाने आपल्या घराच्या छपरावर पडलेले तुकडे उचलले, विमान पकडलं आणि बक्षीस घेतलं. एस्परन्सच्या स्थानिक प्रशासनाने कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंड ठोठावला. तो भरला गेला ३० वर्षांनी, २००९ मध्ये, आणि तोही नासाने नाही. अमेरिकेतल्या एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून पैसे गोळा करून. त्याच जुलैत पर्थमध्ये विश्वसुंदरी स्पर्धा होती. तिथे मंचावर स्कायलॅबचा मोठा तुकडा मांडला होता, आणि मुकुट चढल्यावर फोटोवाल्यांची अशी झुंबड उडाली की मंचाचा काही भाग खचला.

आमच्याकडे सकाळी रेडिओ लागला. ऑस्ट्रेलिया हे नाव क्रिकेटमुळे माहीत होतं. गाव आनंदलं आणि मग दुपारपर्यंत एकेकाला आपापला बोकड आठवला. सावकार संध्याकाळी आला. १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिल्याची बातमी आली तेव्हा गुरुजी म्हणाले, पडायचं होतं ते दिल्लीत पडलं.

पुढे बरीच वर्षं गाव स्वतःवर हसत आलं. न बोलावता येऊन टपकणाऱ्या एका पाहुण्याचं नाव आजही इस्कायलॅब आहे. त्या हसण्यात मीही होते. मग २ एप्रिल २०२२ आला, गुढीपाडवा.

संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला मी नागपुरात गच्चीवर होते. आभाळातून पेटत्या ठिणग्यांची एक रांग संथपणे सरकत गेली. शेजारी उल्का म्हणाले, कोणी विमान पेटलं म्हणालं. उल्का नव्हती हे तिच्या चालीवरून कळत होतं. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात घुसते. पाहिली म्हणेपर्यंत विझते. माणसाने पाठवलेली वस्तू परत येते ती सेकंदाला आठेक किलोमीटरने आणि जवळजवळ आडवी. त्यामुळे ती पुरता मिनिटभर दिसते, फुटत जाते आणि तिचे तुकडे एकामागे एक रांगेत चालतात. विदर्भापासून उत्तर महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरातपर्यंत लोकांनी ती रांग पाहिली. अर्ध्या तासात चुलतभावाचा फोन आला. "ताई, लाडबोरीत काहीतरी पडलं. लोखंडी रिंग हाये, बैलगाडीच्या चाकापेक्षा कितीतरी मोठी."

लाडबोरी सिंदेवाही तालुक्यातच, आमच्या रोजच्या येण्याजाण्यातलं. घरांजवळच्या मोकळ्या जागेत दोन-तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं होतं. पुढच्या दिवसांत पवनपारच्या बाजूला आणि आसपास धातूचे गोळे सापडले. दिवस मोहफुलांचे. बायका भल्या पहाटे टोपल्या घेऊन जंगलात जातात, आणि आमच्याकडे पहाटेच्या जंगलात काय भेटेल हे सांगायला नको. त्यांना आता खाली वाघ आणि वर हे. कडं सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात ठेवलं गेलं. मग इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन तपासणी करून गेले.

आईला फोन केला तर ती म्हणाली, "तवा अख्खं गाव जागं होतं त ते ऑस्ट्रेलियात गेलं. आता कोनाले मालूमही नव्हतं त दारात येऊन पडलं." यापेक्षा नेमका निष्कर्ष मला अजून कुठल्या अहवालात सापडलेला नाही.

तो उपग्रह नव्हताच, उपग्रह वर पोचवून रिकामा झालेला अग्निबाण होता. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल अशा पडणाऱ्या वस्तूंची नोंद ठेवतात. त्यांनी तो फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी चा तिसरा टप्पा असावा असं सांगितलं. हे अग्निबाण उपग्रहाला भूस्थिर कक्षेच्या वाटेवर सोडतात आणि आपला शेवटचा टप्पा लंबगोल कक्षेत तसाच टाकून देतात. महिनोन्‌महिने, कधी वर्षं तो फिरतो, दर फेरीला पृथ्वीजवळ येऊन थोडी हवा चाटतो आणि एक दिवस उतरतो. त्याच्या कक्षेचा कल कमी असल्याने तो पडणार तो विषुववृत्ताच्या अल्याडपल्याड, म्हणजे आपल्यासारख्यांच्या डोक्यावर. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्येच हिशेब मांडला होता. अशा बेवारस टप्प्यांमुळे एका दशकात कोणाचा तरी बळी जाण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या घरात आहे, आणि जकार्ता, ढाका, लागोस यांच्या अक्षांशांवर धोका न्यूयॉर्क, बीजिंग, मॉस्कोच्या अक्षांशांपेक्षा सुमारे तिप्पट. अग्निबाण उडवणारे वर राहतात, तुकडे झेलणारे मध्ये.

सगळं जळून का जात नाही, हे लाडबोरीच्या मुलांनी मला विचारलं. बरंचसं जळतं. साधारण ८० किलोमीटर उंचीवर सांगाडा फुटतो, ॲल्युमिनियम वितळून उडून जातं. मोठ्या वस्तूचा दहा ते चाळीस टक्के भाग मात्र जमिनीवर पोचू शकतो. पोचतात ते मुख्यतः गोळे. इंधनाला दाब देणारा वायू भरायच्या या टाक्या बहुधा टायटॅनियमच्या किंवा तंतू गुंडाळलेल्या असतात. टायटॅनियम १६६८ अंशांना वितळतं. शिवाय गोळा पोकळ, आकाराच्या मानाने हलका, त्यामुळे हवेत लवकर मंदावतो आणि तापमान टोकाला जायच्या आत सुटतो. त्याच वर्षी मे महिन्यात गुजरातच्या आणंद जिल्ह्यातही असेच गोळे पडले. सापडला तर हात लावू नका, एवढंच मी मुलांना सांगितलं. आत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. तोवर एका गोळ्यावर बसून फोटो काढून झाले होते.

मग आधी का नाही सांगत? सांगता येत नाही, १९७९ मध्ये जितकं येत नव्हतं त्याहून फार जास्त आजही नाही. जी वस्तू कोणाच्या ताब्यात नाही तिच्या पडण्याच्या वेळेचा अंदाज उरलेल्या काळाच्या वीस टक्क्यांनी तरी चुकतो. दहा तास उरले असतील तर दोन तास इकडेतिकडे. आणि दोन तासांत ती पृथ्वीला फेरी मारून पुढे निघून गेलेली असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनचाच याहून मोठा टप्पा येणार होता तेव्हा स्पेनने आपल्या आकाशाचा एक पट्टा चाळीसेक मिनिटं विमानांना बंद ठेवला. तो पडला प्रशांत महासागरात. एवढी काळजी घ्यायला यंत्रणा लागते, आणि मोह वेचणाऱ्या बाईला बंद करण्याजोगं आभाळ नसतं.

"भरपाई कोन देते?" हा गावाचा पुढचा प्रश्न. वाघाने गाय मारली की वनखात्याचा पंचनामा होतो, त्याचे अर्ज सगळ्यांना तोंडपाठ आहेत. आभाळातून पडलेल्याचाही कायदा आहे. १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो की ज्या देशाने वस्तू उडवली त्याने जमिनीवरचं नुकसान भरायचं, चूक कोणाची ते न विचारता. भारत त्यात सामील झाला तो नेमका जुलै १९७९ मध्ये, आमची गावं बोकड कापत होती तेव्हा. आजवर या कराराखाली रीतसर दावा झाला तो एकच, कॅनडाचा, कॉसमॉस ९५४ साठी. साठ लाख डॉलर मागितले, १९८१ मध्ये तीस लाखांवर मिटलं. लाडबोरीत कोणाचं काही मोडलं नाही, म्हणून मागायचंही काही नव्हतं.

आबाजींचा 'तो एक' मला पुढे वाचनात भेटला. १९९७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या टल्सा शहरात पहाटे फिरायला निघालेल्या एका बाईच्या खांद्याला तळहाताएवढा करपलेला तुकडा लागला. एका डेल्टा अग्निबाणाचा असावा. इजा झाली नाही. मार्च २०२४ मध्ये अंतराळ स्थानकावरून टाकून दिलेल्या बॅटऱ्यांच्या सामानातला पाऊण किलोचा धातू फ्लोरिडातल्या एका घराचं छप्पर आणि जमीन फोडून गेला. मुलगा दोन खोल्या पलीकडे होता. त्या कुटुंबाने नासाकडे भरपाई मागितली. १९६० मध्ये एका फसलेल्या अमेरिकी उड्डाणाचे तुकडे क्युबावर पडून गाय मेल्याची बातमी होती. हे आईला सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न, "दुधाची होती का?"

आपणही यातले सोवळे नाही. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रीन हेडजवळच्या किनाऱ्यावर माणसाहून उंच तांबूस पिंप वाहत आलं. ते आपल्या पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचं निघालं. पुन्हा तोच पश्चिम ऑस्ट्रेलिया. त्यांनी आता कायमचं दंडाचं पावतीपुस्तकच छापून ठेवावं. पण त्याच वर्षी ७ मार्चला इस्रोने एक नेटकं कामही केलं. मेघा-ट्रॉपिक्स हा टनभर वजनाचा उपग्रह २०११ पासून वर होता. असं उतरवण्यासाठी तो घडवलेलाच नव्हता. तरी उरलेलं इंधन वापरून त्याला टप्प्याटप्प्याने खाली आणलं आणि प्रशांत महासागरावर ठरवलेल्या पट्ट्यात उतरवलं. जिवंत असताना थोडं इंधन राखून ठेवलं तर हे जमतं. ते राखायचं म्हणजे उपग्रहाच्या कमाईचे काही महिने सोडायचे, आणि तिथेच बहुतेकांचा हात आखडतो.

गेल्या दिवाळीत आईने विचारलं, आता पुढचं मोठं कोणतं? मी सांगितलं, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. स्कायलॅबच्या पाचपटीहून जड, चारशे टनांच्या वर. या दशकाच्या अखेरीनंतर ते उतरवायचं ठरतं आहे. आपल्या गावावरूनही जातं ते, रात्री दाखवीन. मात्र हे असं मोकाट सोडणार नाहीत. खास एक यान जोडून त्याला ओढत नेतील प्रशांत महासागरात नेमो बिंदूजवळ, जिथून सगळ्यात जवळची जमीन अडीच हजार किलोमीटरच्या पलीकडे आहे. रशियाचं मीर स्थानकही २००१ मध्ये दक्षिण प्रशांतातच बुडवलं. तिथे माणूसच नसतो.

आई तांदूळ निवडत होती. खडा बाजूला काढत म्हणाली, "मासे त असतीन न?"